कॅन्सर पेशंटसाठीचा सेल्फ-कम्पॅशन कोर्स करावा का? माझा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, सेल्फ-कम्पॅशनचा म्हणजे स्वतःशी मायेनं वागायला शिकवणारा हा कोर्स चांगला आहे, करा. ट्रीटमेंट चालू असेल तरी करा, संपून वर्ष उलटलं असेल तरी करा. पण असे सगळेच कोर्स चांगले असतात असं नाही आणि यातल्याही काही गोष्टी मला अजिबात पटल्या नाहीत, त्यामुळे चार ओळी टाकून मोकळं होण्यापेक्षा नीट लिहिते. संस्थेचं नाव देत नाहीये कारण साधारण याच साच्यातले कोर्स आता वेगवेगळ्या ठिकाणी चालतात, तुम्हाला जो मिळेल तो पारखायचा कसा हे कळलं तर त्याचा उपयोग जास्त.

कोर्स ऑनलाइन, छोटा ग्रुप, आठवड्याला एक सेशन, एकूण आठ आठवडे. मूळ प्रोग्रॅम म्हणजे क्रिस्टिन नेफ आणि ख्रिस्तोफर गर्मर या दोन मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेला ‘माइंडफुल सेल्फ-कम्पॅशन’. तो कॅन्सरवाल्यांसाठी नाही, सर्वांसाठी आहे. त्यात एकेक सेशन अडीच-पावणेतीन तासांचं असतं आणि मध्ये अर्धा दिवस मौनात बसायचं असतं, जे केमो चालू असलेल्या माणसाला झेपणं कठीणच. आमच्याकडे ते दीड तासावर आणलं होतं, मध्ये ब्रेक, मौनाचा अर्धा दिवस काढून टाकलेला, आणि आडवं पडून जॉइन व्हायला पूर्ण मुभा. कॅमेरा बंद ठेवला तरी कुणी विचारणार नाही. ऐकायला किरकोळ वाटेल पण टक्कल, सुजलेला चेहरा, नाकात नळी अशा अवस्थेत कॅमेरा चालू ठेवायची सक्ती असती तर निम्मे लोक दुसऱ्या सेशनला आलेच नसते.

शिकवतात काय? नेफबाईंनी मांडलेल्या तीन गोष्टी. स्वतःशी मायेनं वागणं, हे माझ्या एकटीच्याच वाट्याला आलेलं नाही हे लक्षात ठेवणं, आणि जे होतंय ते वाढवून किंवा दाबून न टाकता आहे तसं बघणं. 2003 मध्ये त्यांनी हे मोजायला 26 प्रश्नांची एक प्रश्नावली काढली, आमच्याकडून ती सुरुवातीला आणि शेवटी भरून घेतली. आकडे कुणी कुणाला दाखवायचे नाहीत असं आधीच ठरलं होतं, बरं झालं.

आता बऱ्याच जणांच्या मनात येईल, हे म्हणजे स्वतःचीच कीव करत बसणं नाही का. ग्रुपमधल्या एका काकांनी पहिल्याच सेशनला हे स्पष्ट विचारलं, त्यांच्या बोलण्यात जरा राग पण होता. शिकवणाऱ्या मॅडमनी दिलेलं उत्तर मला पटलं. कीव करणारा माणूस म्हणतो माझ्यावरच का, आणि इथे शिकवतात की हे माझ्यावर आलंय आणि माझ्यासारखंच असंख्य लोकांवर आलंय. मग त्यांनी पॉल गिल्बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाची मांडणी सांगितली. माणसाच्या भावनांच्या ढोबळमानानं तीन यंत्रणा, एक धोका ओळखणारी, एक काहीतरी मिळवायला पळवणारी, आणि एक शांत करणारी. डायग्नोसिस झाल्यापासून धोक्यावाली यंत्रणा कायम चालूच असते, रिपोर्ट, स्कॅन, रक्तातल्या पेशींचा काउन्ट, केमोची पुढची सायकल, एक संपलं की दुसरं. त्यात आपण स्वतःला बोल लावायला लागलो की आतूनही हल्ला सुरू, म्हणजे मारणारेही आपण आणि मार खाणारेही आपण. शांत करणारी यंत्रणा अशा वेळी आपोआप सुरू होत नाही, ती मुद्दाम सुरू करायला शिकावं लागतं आणि कोर्स नेमका त्याचा आहे. काकांनी त्यानंतर एकही सेशन चुकवलं नाही.

मला सर्वांत जास्त जे लागू पडलं ते दुसऱ्या आठवड्यातलं लिहायचं काम. कागदाच्या एका बाजूला लिहायचं, तुमच्या जवळच्या मैत्रिणीला तुमच्यासारखाच आजार झालाय, ती थकलीये, घरच्यांवर चिडतेय, तिला तुम्ही काय म्हणाल आणि कोणत्या आवाजात म्हणाल. दुसऱ्या बाजूला, तुम्ही स्वतःला रोज काय म्हणता ते जसंच्या तसं. माझ्या डाव्या बाजूला होतं “अगं पड जरा, कामं काय पळून जात नाहीत”. उजव्या बाजूला होतं “सगळ्यांना वेठीला धरलंयस तू”. दोन वाक्यं एकाच माणसाच्या अक्षरात शेजारी शेजारी बघितली की मग कुणी समजवायची गरजच राहत नाही.

याच सेशनमध्ये एकांनी सांगितलं की त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे आणि ते बरीच वर्षं सिगरेट ओढायचे, त्यामुळे उजव्या बाजूला एकच ओळ आहे, मीच ओढवून घेतलं. इथे कितीतरी लोक घाईघाईनं म्हणतील नाही हो असं नसतं. मॅडमनी तसं केलं नाही. सिगरेटचा आणि या कॅन्सरचा संबंध आहे हे त्यांनी नाकारलं नाही, पण हेही सांगितलं की आयुष्यात कधी सिगरेटला हात न लावलेल्यांनाही हा कॅन्सर होतो आणि ओढणाऱ्या सगळ्यांना होत नाही. मग त्यांनी विचारलं की समजा तुमच्या भावाला हेच झालं असतं तर त्याला तुम्ही औषधाच्या वेळेला रोज हे वाक्य ऐकवलं असतं का. ते बराच वेळ गप्प होते. खोटा दिलासा न देताही माणसाशी मायेनं बोलता येतं हे मी तिथे प्रत्यक्ष पाहिलं, आणि चांगला कोर्स ओळखायची माझ्या मते हीच खूण.

तिसऱ्या आठवड्यात स्पर्शाचा व्यायाम असतो. मूळ प्रोग्रॅममध्ये हात छातीवर ठेवायला सांगतात, शांत वाटतं म्हणून. आता विचार करा, ग्रुपमध्ये निम्म्या बायका ब्रेस्टच्या ऑपरेशनवाल्या, कुणाच्या कॉलरबोनखाली केमोचं औषध द्यायला बसवलेला पोर्ट, कुणाची रेडिएशननं भाजलेली कातडी. छातीवर हात ठेवला की शांत वाटणं दूरच, तिथे काय होतं आणि काय नाही हेच आधी आठवतं. आमच्या मॅडमनी आधीच सांगितलं की छाती सोडून जागा शोधायची, गालावर हात, दंडाला मिठी मारल्यासारखा हात, किंवा नुसते स्वतःचे दोन्ही हात एकमेकांत. मी दंड निवडला, ज्या बाजूला सूज येते ती सोडून दुसरा. आता स्कॅनच्या मशीनमध्ये जायच्या आधी बाहेरच्या खुर्चीवर बसून मी तेच करते, शेजारी बसलेल्याला कळत पण नाही.

तसंच तळपायांचा व्यायाम. मन भरकटलं की तळपाय जमिनीला टेकलेत ते जाणवून घ्या, असं सांगतात. केमोनं ज्यांच्या पायांना मुंग्या येतात किंवा पाय बधिर झालेत त्यांना एकतर काही जाणवत नाही किंवा नको तेच जाणवतं. आमच्याकडे पर्याय होता, हातात कापडाचा काठ धरा, बोटांनाही जाणवत नसेल तर खोलीतले आवाज ऐका. हे मी इतकं बारकाईनं लिहितेय कारण कॅन्सरसाठी म्हणून विकलेला कोर्स खरोखर कॅन्सरसाठी बदललाय की फक्त नाव बदललंय ते इथेच कळतं. डेमो सेशन असेल तर हेच विचारा, हात-पाय बधिर असलेल्यांनी काय करायचं. उत्तर तयार नसेल तर समजून जा.

अजून एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. स्वतःशी मायेनं बोलायला लागलं की काही जणांना बरं वाटायच्या ऐवजी आधी जास्त त्रास होतो. डायग्नोसिसपासून घट्ट धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर येतं. कोर्समध्ये याला बॅकड्राफ्ट म्हणतात, अग्निशमन दलाकडून घेतलेला शब्द आहे, बंद खोलीत आग धुमसत असताना दार उघडलं की हवा आत शिरून भडका उडतो तसं. आमच्यातल्या एका ताईंना चौथ्या सेशनला असं झालं, रडू थांबेना. मॅडमनी सगळ्यांना डोळे उघडायला लावले, व्यायाम तिथेच थांबवला, ताईंना विचारलं आत्ता इथेच थांबायचंय की वेगळं बोलायचंय, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. शिकवणारी व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होती म्हणून हे निभावलं. फक्त एखादा वीकेंडचा सर्टिफिकेट कोर्स केलेल्या माणसाकडे हे शिकायला मी तरी कुणाला पाठवणार नाही.

आणि आता तो पॉझिटिव्हचा विषय. “पॉझिटिव्ह राहा, निम्मा आजार मनानंच बरा होतो” हे ऐकून ऐकून ज्याचे कान किटले नाहीत असा पेशंट मला अजून भेटायचाय. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मान्य. पण त्याचा उलटा अर्थ असा निघतो की आजार वाढला तर तुझंच मन कमी पडलं. कोर्समध्ये यावर जवळजवळ एक अख्खं सेशन घालवलं आणि मला ते फार आवडलं. 2007 मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या 1,093 पेशंट्सवरचा एक अभ्यास आला होता, त्यात पेशंटची भावनिक स्थिती बरी की वाईट यावरून तो किती जगणार याचा अंदाज येतो का हे तपासलं. येत नाही असं निघालं. मॅडमनी हे सांगितल्यावर ग्रुपमध्ये लोकांचे ताणलेले खांदे सैल झालेले दिसले, खरंच दिसले. म्हणजे रडलं तरी चालतं, एखाद्या दिवशी पुढे काही दिसेनासं झालं तरी त्यानं ट्युमर वाढत नाही. जो कोर्स सांगेल की आमच्या ध्यानानं गाठ विरघळते त्याच्याकडे फिरकू नका, आणि जो सांगेल की ट्रीटमेंट सोडा त्याची तर तक्रारच करा.

सेल्फ-केअरचा भाग पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात, आणि तो सुदैवानं फेस मास्क आणि सुगंधी मेणबत्त्यांचा नाही. सगळ्यात जास्त वेळ थकव्यावर. कॅन्सरचा थकवा झोपून जात नाही हे ज्याला झालाय त्यालाच कळतं, आणि घरचे म्हणतात एवढी झोपलीस तरी? ऑन्कॉलॉजी म्हणजे कॅन्सर विभागातल्या नर्स पाहुण्या म्हणून आल्या होत्या, त्यांनी दिवसाची ताकद वाटून घ्यायला शिकवलं, म्हणजे बरं वाटतंय म्हणून एकाच दिवशी सगळं उरकायचं आणि मग दोन दिवस अंथरुणात, हे चक्र तोडायचं. बरं वाटत असतानाच थांबायचं. हे मला सगळ्यात अवघड गेलं, अजून जातं. दुसरं म्हणजे हालचाल. 2019 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं पुढाकार घेऊन तज्ज्ञांच्या शिफारशी काढल्या, त्यात आठवड्यातून तीन वेळा 30 मिनिटं मध्यम व्यायाम, जमेल तसा वाढवत, याचा थकवा, चिंता आणि नैराश्य या तिन्हींवर उपयोग होतो असं म्हटलंय. अर्थात हाडांत आजार असेल, प्लेटलेट कमी असतील, तोल जात असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. नर्सबाई म्हणाल्या 30 मिनिटं जमत नसतील तर पाच करा, आणि केमोच्या आठवड्यात पाचही जमली नाहीत तर पडून राहा, त्याचा हिशोब ठेवू नका.

अजून दोन कामाच्या गोष्टी त्यांच्याकडून. एक, डिस्ट्रेस थर्मामीटर, 0 ते 10 ची एक पट्टी, गेल्या आठवड्यात मन किती अस्वस्थ होतं तिथे खूण करायची, 4 किंवा त्याच्या वर असेल तर आपल्या टीमला सांगायचं. कितीतरी ठिकाणी ही पट्टी वापरतात, तुमच्याकडे नसेल तर स्वतः आकडा सांगितला तरी डॉक्टर समजतात, “बरं नाही वाटत” यापेक्षा “या आठवड्यात सात आहे” हे लवकर ऐकलं जातं. दुसरी, केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइट म्हणजे 38 सेल्सिअसला गेला की रात्र असो की सुट्टी, लगेच फोन करायचा. उगाच लोकांना त्रास नको म्हणून सकाळपर्यंत थांबणारे पेशंट त्यांनी पाहिलेत आणि हा त्यांचा सगळ्यात कळकळीचा मुद्दा होता. पांढऱ्या पेशी कमी असताना इन्फेक्शन तासांत वाढतं. स्वतःची काळजी घेणं म्हणजे आधी हे, श्वासाचे व्यायाम नंतर, असं त्या म्हणाल्या आणि मॅडमनी पण मान डोलावली.

आता तक्रारी. मोठी तक्रार अ‍ॅपबद्दल. कोर्सबरोबर एक अ‍ॅप देतात, त्यात व्यायामाचे ऑडिओ, इथपर्यंत ठीक. पण ते अ‍ॅप रोजचा हिशोब ठेवतं आणि एक दिवस चुकला की संध्याकाळी मेसेज येतो, तुमची साखळी तुटली. केमोच्या तिसऱ्या दिवशी उलट्या होत असताना हा मेसेज वाचायचा! स्वतःला टोचून बोलू नका हे शिकवणाऱ्या कोर्सनंच टोचून बोलणारा मेसेज पाठवावा, हे मला कितीही विचार केला तरी समजत नाही. आम्ही तिघा-चौघांनी तक्रार केली, तर नोटिफिकेशन बंद करायची पद्धत पाठवली. बंद कशाला, काढूनच टाका ना. आजारी माणसाच्या वाट्याला आधीच नापास व्हायच्या इतक्या जागा आहेत, त्यात अजून एक वाढवू नका.

ऑडिओही लांब, एक तर पाऊण तासाचा. पाच मिनिटांचे हवेत, तीनचे पण हवेत. केमोनंतर लक्ष लागत नाही, वाचलेलं विसरायला होतं, हे तर कोर्समध्येच सांगतात, मग पीडीएफ एवढ्या बारीक अक्षरात आणि एवढी पानं कशाला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिल्या आठवड्यातच कुणीतरी रामबाण उपायाचा फॉरवर्ड टाकला, तो काढायला दोन दिवस लागले, ग्रुपला अ‍ॅडमिन लक्ष देणारा हवा. सेशन रेकॉर्ड करत नाहीत, हे गोपनीयतेसाठी आणि अगदी योग्य आहे, पण मग चुकलेल्या सेशनसाठी निदान एक छोटा कॉल ठेवा, इथे सायकलच्या तारखा आमच्या हातात नसतात.

आणि घरच्यांसाठी काहीच नाही. नवरा, मुलगी, आई, जे कोणी रात्री उठून औषध देतात ते स्वतःला किती बोल लावतात हे घरोघरी बघायला मिळेल. एक सेशन तरी त्यांचं असावं, हे मी फीडबॅकमध्ये ठळक लिहिलंय.

सहाव्या आठवड्यात ग्रुपमधल्या एकींचा आजार परत आला. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि नंतर कुणाला काही सुचेना, कारण ट्रीटमेंट संपलेल्या आम्हा सगळ्यांची मनातली भीती तीच. मॅडमनी ठरलेला विषय बाजूला ठेवला. उपाय सांगायचे नाहीत, ओळखीतल्या कुणाचं उदाहरण द्यायचं नाही, फक्त ऐकायचं असं सांगितलं आणि तो दीड तास तसाच गेला. तरीही माझं मत असं की नुकतं डायग्नोसिस झालेले, ट्रीटमेंट संपलेले आणि आजार पसरलेले या सगळ्यांना एकाच ग्रुपात घ्यायचं की नाही हे पेशंटला आधी विचारायला हवं. आजार परत आलेल्या त्या ताईंना शेवटी एका वेगळ्या ग्रुपात जास्त मोकळं वाटलं असं त्यांनीच सांगितलं.

उपयोग होतो याला पुरावा काय, असं विचारणारे असतीलच आणि विचारायलाच हवं. मूळ प्रोग्रॅमचा नियंत्रित अभ्यास, म्हणजे कोर्स केलेल्यांची न केलेल्यांशी तुलना, नेफ आणि गर्मर यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केला पण तो कॅन्सर पेशंट्सवर नव्हता. कॅन्सरवाल्यांपैकी जे स्वतःशी जास्त मायेनं वागतात त्यांच्यात नैराश्य आणि चिंता कमी दिसते असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, मात्र यावरून कोर्समुळेच ते होतं असं म्हणता येत नाही. एक अभ्यास मला स्वतःला जवळचा वाटतो, ऑस्ट्रेलियातला, 2018 मध्ये आलेला, ब्रेस्ट कॅन्सरच्या ट्रीटमेंटमधून गेलेल्या 304 बायकांचा. त्यात ऑनलाइन एकदाच बसून, बदललेल्या शरीराबद्दल स्वतःला मायेनं लिहायचं होतं, आणि तेवढ्यानंही नुसतं लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना शरीराबद्दलचा त्रास कमी झाला. आमच्या सातव्या आठवड्यातलं पत्र त्याच जातीचं. मी माझं पत्र कुणाला दाखवलेलं नाही, पण लिहिल्यापासून कपडे बदलताना आरशाकडे पाठ करून उभी राहत नाही, एवढं सांगू शकते.

माझ्यात काय बदललं ते थोडक्यात. स्कॅनच्या आधीचे दिवस अजूनही वाईट जातात, झोप उडते. फरक इतकाच की “पुन्हा घाबरलीस ना” असं म्हणायच्या ऐवजी आता मी स्वतःला म्हणते, घाबरणारच, कोण नाही घाबरणार. भीती तेवढीच राहते, वरून शिव्या पडत नाहीत. आणि मदत मागायला लागले. आधी कुणी विचारलं काही हवंय का, की नको नको म्हणायचे, आता नेमकं सांगते, गुरुवारी सोबत चल.

कुणी आत्ता घेऊ नये? जीव द्यावासा वाटत असेल, किंवा जुना मोठा मानसिक आघात असेल आणि डोळे मिटले की तेच दिसत असेल, तर ग्रुपची वाट बघू नका, आधी थेट डॉक्टरांना सांगा आणि एकट्यानं बोलायची सोय करून घ्या, कोर्स नंतर करता येईल. ऑपरेशन होऊन आठवडाच झाला असेल तरी जरा थांबा, दीड तास झेपणार नाही.

नाव द्यायच्या आधी हे विचारून घ्या: शिकवणारं कोण आणि त्यांचं कॅन्सर पेशंट्सबरोबर काम आहे का, मध्येच कुणाला त्रास झाला तर काय करता, झोपून जॉइन झालं तर चालेल का, चुकलेल्या सेशनचं काय. आणि ग्रुप भरलाय म्हणाले तर वेटिंगला नाव टाकून ठेवा, कुणाची तरी सायकल किंवा ऑपरेशन आडवं येतं आणि सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात बहुतेक वेळा जागा होते, मला तशीच मिळाली.